ओळीतलं पहिलं झाड

द्राक्षाच्या मांडवाखाली काम केलेल्या बाईला डॉक्टर आधी एकच गोष्ट विचारतो, मान कधीपासून दुखते. मी सांगते, कळायला लागल्यापासून. तो हसतो आणि मागच्याच गोळ्या पुन्हा लिहून देतो. आता बारामतीत मुलाच्या घरी खुर्चीत बसून असते, हाताला काम नाही, तरी सकाळी उठल्यावर मान आधी वर जाते. सून म्हणते, "आई, छताला काय बघताय?" छताला काय बघणार, पंखा आहे. पण इतकी वर्षं डोक्यावर काड्याच होत्या, त्यामुळे नजर तिकडेच जाते. मुलगा म्हणतो, लिहून काढ सगळं. सगळं कशाला लिहू? पुष्कळसं तेच तेच आहे. एका छाटणीचं तेवढं लिहिते, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच आलं.

मी मूळची लोणी भापकरची. पाठच्या तीन बहिणी, जिरायती रान आणि चार शेळ्या. सातवी झाल्यावर आईने मला इंदापूरच्या बाजूला मावशीकडे धाडलं. मावशीला मूल नव्हतं. "चार दिस ऱ्हा, मावशीला सोबत व्हईल," असं सांगून धाडलं, आणि त्या चार दिवसांची सहा वर्षं झाली तरी मला न्यायला कुणी आलं नाही. मीही विचारलं नाही. मावशीकडे दोन वेळचं पोटभर होतं. मावशी आणि तिचे मालक, त्यांना मी नाना म्हणायचे, तात्यांच्या बागेत राहायचे. तात्या म्हणजे बागायतदार. सगळा गाव त्यांना तात्याच म्हणायचा. पाण्याच्या मोटारीशेजारी पत्र्याच्या दोन खोल्या होत्या, त्या नानांना दिलेल्या. मोटार चालू झाली की भिंत थरथरायची आणि फळीवरची ताटं वाजायला लागायची. पहिले काही दिवस मी दचकायचे, मग तो आवाज बंद पडला की दचकायला लागले. मावशीची चूल बाहेर, लिंबाच्या बुंध्याशी. सकाळी बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, संध्याकाळी बहुतेक हुलग्याचं माडगं. ते माडगं मला तेव्हा आवडायचं नाही. आता करून मागितलं तर सून मोबाईलवर बघून करते, आणि त्यात जिरं जास्त पडतं.

नाना छाटणी करायचे. द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा. उन्हाळ्यातली खरड छाटणी, तिच्यात थोडं इकडेतिकडे झालं तर वेल सांभाळून घेतो. पाऊस सरता सरता येते ती गोडी छाटणी, आणि वर्षाचं पीक तिच्यावर. काडीवर ओळीने डोळे असतात. एखाद्या डोळ्यात घड निजलेला असतो, बाकीच्यांत नुसता पाला. घडाचा डोळा काडीवर ठेवून पुढे कापलं तर द्राक्षं. तोच डोळा कापून खाली पडला तर वर्षभर पाला बघत बसायचं. भीतीने काडी फार लांब ठेवली तर शेंड्याकडचेच डोळे फुटतात आणि आतले झोपून राहतात. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. आणि वरून बघायला सगळे डोळे सारखेच.

म्हणून प्रत्येक ओळीतलं पहिलं झाड नाना कापायचे. काडी दोन बोटांत धरायची, जरा फिरवायची, दाबायची, मान वर करून थोडा वेळ बघत राहायचं, आणि मग हळूच म्हणायचं, "पाच." किंवा "सात." नानांचा आवाज मुळातच बारीक. मागे बारा बायका कात्र्या घेऊन उभ्या, त्यांच्यापर्यंत तो पोचायचा नाही. मी नानांची बादली धरून शेजारी असायचे. मी ओरडायचे, "पाच डोळं ठेवा गं!" की त्या ओळीतली सगळी झाडं पाच डोळ्यांवर कापली जायची. तीन वर्षं मी असा आकडा ओरडले. आकडा नानांचा आणि तोंड माझं. पण लोकांना तोंडच दिसतं. बायका म्हणायला लागल्या, सुमनला छाटणी येते. मीही कधी नाही म्हटलं नाही. खोटं कशाला बोलू, ऐकायला बरं वाटायचं.

त्या वर्षी छाटणीला महिना राहिला असताना नानांच्या अंगावरून वारं गेलं. सकाळी चहा घेत होते, कप कलंडला आणि त्यांनी तो सावरलाच नाही. आम्हाला वाटलं झोप अनावर झाली. बारामतीच्या दवाखान्यातून परत आणले तेव्हा उजवा हात आणि पाय गेलेला, आणि बोलणं म्हणजे तोंडात भाकरीचा घास धरून बोलल्यासारखं. मला एक शब्द कळायचा नाही. मावशीला मात्र सगळं कळायचं. ती त्यांच्या तोंडाकडे बघत बसायची आणि आम्हाला सांगायची, "म्हणत्यात, ऊन आलं, बाज सरकवा." दिवसभर उचलणं, पुसणं, भरवणं. आम्ही दोघी उभ्या उभ्या झोपायचो. त्या महिन्यातलं मला दुसरं काही फारसं आठवत नाही, फक्त धुणं आठवतं. दोरीवर जागा उरायची नाही इतकं धुणं.

तात्या आले ते अशाच एका दुपारी. नानांची विचारपूस केली, मावशीने दिलेला चहा घेतला, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "सुमन, औंदा पयलं झाड तू कापायचं."

मी म्हटलं, "मला न्हाय येत, तात्या."

"तीन सालं आकडा तूच सांगतीस. येत न्हाय कसं?"

"आकडा नानांचा असायचा. मी नुसती वरडायची."

"शेजारी हुबं ऱ्हाऊन माणूस शिकतंय." त्यांनी कप खाली ठेवला. "हे बग, तू न्हाय म्हणलीस तर मला बाहेरनं टोळी आणावी लागंल. तिच्यासंगं तिचा छाटणीवाला येतोय. मंग त्यास्नी ऱ्हायला जागा लागती." हे बोलताना ते खोल्यांकडे बघत नव्हते, मुद्दाम मोटारीकडे बघत होते. वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर मला नाही म्हणायला सोपं गेलं असतं. "चार दिसांत सांग," म्हणाले आणि गेले.

मावशी रात्री भाकरी वाढताना एवढंच म्हणाली, "तुझं तू बग." आमच्याकडे 'तुझं तू बघ' याचा अर्थ असा, की आमचं सगळं तुझ्यावर आहे, पण आम्ही तोंडाने म्हणणार नाही. लकवा झालेलं माणूस बाजेसकट उचलून ती कुठे नेणार होती? लोणी भापकरला? तिथे आई स्वतःच दुसऱ्याच्या विहिरीवरून पाणी आणत होती. आणि मी हो म्हणून बाग घालवली असती तरी खोल्या जाणारच होत्या, शिवाय तात्यांचं वर्ष जाणार होतं. नाही म्हटलं तरी बाहेर, चुकलं तरी बाहेर. एकोणीस वर्षांच्या मुलीला एवढा हिशेब जमतो. त्याला शाळा लागत नाही.

मग तात्यांनीच एक तोड काढली. बारामतीला प्रयोगशाळेत काड्या नेऊन दिल्या की ते लोक डोळा चिरून भिंगाखाली बघतात आणि घड कितव्या डोळ्यात आहे ते लिहून देतात. नानांना हे प्रकरण कधी पटलं नव्हतं. "बोटं हायती की," म्हणायचे. मला मात्र वाटलं, देव पावला. तात्या आणि मी दोघांनी मिळून काड्या निवडल्या. रस्त्याच्या कडेच्या ओळीतल्या, गोल, तांबूस, बोटाएवढ्या जाड. ती ओळ तात्यांची लाडकी. पाहुणा आला की आधी तीच दाखवायचे. काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून मी एसटीने बारामतीला गेले. तिथल्या मॅडमनी विचारलं, "सगळ्या बागेतल्या आहेत ना?" मी म्हटलं, "व्हय, आमच्याच बागेतल्या." दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन कागद घेतला. तिसऱ्या-चौथ्या डोळ्यात घड, पाच डोळे ठेवा. येताना एसटीत मला बसायला जागा मिळाली आणि मी इंदापूरच्या फाट्यापर्यंत झोपले. महिन्यात पहिल्यांदा सलग झोपले असेन.

बागेत आल्यावर सहज मधल्या ओळींमध्ये शिरले. नाना करायचे तशी एक काडी दोन बोटांत धरली. ती चपटी लागली. दुसरी धरली, तीही चपटी, हिरवट, आणि एका डोळ्यापासून दुसरा डोळा लांब. वर मांडव इतका दाट की आभाळ दिसत नव्हतं. या काड्यांना उन्हाळाभर ऊनच लागलं नव्हतं. कडेच्या काड्या आणि या, एका घरातल्या वाटत नव्हत्या. मॅडमचा कागद खरा होता, पण तो रस्त्याकडेच्या एका ओळीचा होता. आम्ही चांगल्या काड्या नेल्या, कारण साहेबाच्या दारात जाताना चांगलंच न्यायचं असतं. लेकीकडे जाताना कुणी किडकी वांगी बांधून नेतं का? आजार काय आहे ते बघायला नेल्या होत्या आणि आम्ही नेमकी धडधाकट काडी दाखवून आलो. तात्यांना जाऊन सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. परत काड्या नेऊन परत कागद आणेपर्यंत छाटणीच्या बायका पुढच्या बागेत गेल्या असत्या, मग पंधरा दिवस हाताला माणूस नाही. "तू आदी व्हय का न्हाय ते सांग," म्हणाले. "उद्या चौथा दिस हाय."

चौथ्या दिवशी सकाळी मी घरात सांगून टाकलं, की मी नाही म्हणणार आहे. मावशी नानांना भाकरीचा काला भरवत होती. मी म्हटलं, "मावशे, मला कडचं कळतंय, मधलं कळत न्हाय. न येणारं काम अंगावर घेऊन तात्याची बाग बुडवू का?" मावशीचा हात वाटीतच राहिला. नाना मात्र एकदम बोलायला लागले. मान हलवत होते, डावा हात बाजेवर आपटत होते. मला नुसता घशातला आवाज ऐकू येत होता. मावशी नेहमीसारखी सांगायला लागली.

"म्हणत्यात, मलाबी येत नव्हतं." ती थांबून पुन्हा त्यांच्या तोंडाकडे बघू लागली. "म्हणत्यात, गावाकडं पयल्या सालाला मी बी नुसतं व्हय म्हणलो. कुणाला सांगितलं न्हाय येत न्हाय म्हणून... आख्खी बाग गेली. म्हणत्यात, एक घड न्हाय... पाला, नुसता पाला." नाना रडत होते. वारं गेलेल्या माणसाला रडू लवकर येतं, म्हणून आम्ही त्याचं फार मनावर घ्यायचो नाही. मावशी सांगतच होती. "म्हणत्यात, मालकाला तोंड दावायची लाज वाटली. मंग घरात सांगितलं, हितं पाणी न्हाय, आपुन गाव सोडू. आन्..."

तिथे मावशी थांबली. नाना बोलत होते, पण तिने पुढचं सांगितलं नाही. तिचं सासर सुटलं त्याला वीस वर्षं झाली होती. सासू होती, जावा होत्या, स्वतः सारवलेलं घर होतं. आणि पाण्यापायी गाव सोडावं लागलं, हे ती प्रत्येक आल्यागेल्याला सांगायची. तिने वाटीत बघितलं. मग पदराने नानांचं तोंड पुसलं, नाक पुसलं आणि पुढचा घास भरवला. मला म्हणाली, "भाकरी गार व्हईल. खाऊन मंग जा कुठं जायचं ते." त्या गोष्टीवर ती दोघं पुढे कधी बोलली असतील तर माझ्यासमोर नाही. पण पाण्यापायी गाव सोडलं हे वाक्य मी तिच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही.

तात्यांकडे जाताना वाटेत काय विचार केला म्हणून मुलगा विचारतो. त्याला वाटतं, मी हिंमत केली. हिंमत कसली? दमले होते. माणूस दमलं की नाही म्हणायला जास्त जोर लागतो, हो आपोआप तोंडातून पडतं. एवढंच ठरवलं, की नानांनी केलं तसं गप्प बसून हो म्हणायचं नाही. तात्यांच्या पडवीत उभी राहिले आणि सगळं एका दमात बोलून टाकलं. "तात्या, मी कापीन पयलं झाड. पन मला कडच्या ओळींचं कळतंय, तितं कागद बी हाय. मधल्या ओळींचं कळत न्हाय. तितं मी अंदाजानं आकडा देणार. चुकला तर तुमी बगायच्या आदी मी येऊन सांगीन. गाव सोडून जायची न्हाय."

तात्यांनी विचारलं, "अंदाजानं?"

"व्हय."

"बरं. कर."

तीन दिवस छाटणी चालली. पहिल्या ओळीत बायका माझ्या मागे उभ्या राहिल्या, मी काडी धरली, आणि माझ्या शेजारी बादली धरायला कुणी नव्हतं हे मला तेव्हा जाणवलं. "पाच" म्हटलं ते इतकं हळू, की मागून एकीने विचारलं, "किती गं?" कडेच्या ओळींत काही वाटलं नाही. मधल्या ओळींत एक एक काडी दाबून बघत होते. कुठे सात म्हटलं, कुठे आठ, एका ओळीत सात म्हणून चार झाडं कापून झाल्यावर "थांबा, आठ" म्हणाले. बायका एकमेकींकडे बघून हसल्या. त्यांचंही बरोबरच होतं. संध्याकाळी मान खाली होत नव्हती. मावशी एरंडाचं पान गरम करून मानेवर ठेवायची आणि एक अक्षर विचारायची नाही.

छाटणीनंतर बाग काही दिवस उघडी पडते. नुसती लाकडं आणि तारा. मग डोळे फुगतात, फुटतात, पोपटी पानं येतात, आणि पंधरा-सोळा दिवसांनी पानाच्या बगलेत मिरीच्या दाण्यांसारखा घड दिसायला लागतो. नाही तर त्या जागी बारीक वळलेली तार येते, तिला आम्ही बाळी म्हणतो. बाळी म्हणजे घड जिरला. मी रोज सकाळी नानांचं सगळं आवरून बागेत जायचे. कडेच्या ओळी घडांनी भरल्या होत्या, पानाआधी घडच दिसत होते. मधल्या ओळींत शिरले की एक एक झाड बघत जायचे. घड, घड, बाळी. दोन झाडांना घड, तिसरं मोकळं. सगळी मधली बाग शेवटपर्यंत चालले आणि पुन्हा परत चालले. तीनातलं एक झाड गेलं होतं. सगळी गेली नव्हती याचा आनंद व्हायला पाहिजे होता. मला फक्त त्या मोकळ्या झाडांची लाज वाटत होती.

तशीच तात्यांकडे गेले. ते पडवीत दाढी करत होते, अर्ध्या गालाला साबण. मी म्हटलं, "तात्या, मधल्या ओळींत तीनातलं एक झाड मोकळं हाय. बाळ्या आल्यात."

"म्हाईत हाय," ते आरशात बघतच म्हणाले. "परवाच बगून आलो."

त्यांनी वस्तरा पुसला. "मी दरसाल जातो बगायला. नाना हुता तवा बी जायचो, त्याच्या माघारी. त्याच्या बी मधल्या ओळी अशाच जायच्या. कवा चौथा हिस्सा, कवा तिसरा. त्यानं कवा सांगितलं न्हाय, मी कवा इचारलं न्हाय. तितं ऊनच न्हाय, तू तरी काय करशील?"

"मंग मला आदी का न्हाय सांगितलं, तात्या?"

"आदी सांगितलं असतं तर तू त्या काड्या दाबून बगत बसली असतीस का?"

मला राग आला होता. आजही हे लिहिताना थोडा येतोच. महिनाभर मी ज्या भीतीने जेवले नाही, तिची त्यांना आधीपासून कल्पना होती. पण राग दाखवण्याइतकं त्राण नव्हतं. मी विचारलं, "मंग म्होरल्या साली?"

"म्होरल्या साली तूच. त्याच्या म्होरल्या साली बी तूच." उरलेल्या गालावर त्यांनी वस्तरा टेकवला. "निदान माघारी जाऊन बगायला तरी लागायचं न्हाय."

घरी आले. मावशी अंगणात धुणं वाळत घालत होती. मी लिंबाखाली बसले आणि मला रडू फुटलं, लहान मुलासारखं, हुंदके देऊन. मावशी घाबरी होऊन आली. "काय म्हणलं तात्या? जागा सोडाय सांगितली?"

मी मानेनेच नाही म्हटलं. "ऱ्हायची जागा आपली. छाटणी बी मलाच दिली. दरसालची."

मावशीने नानांचं ओलं धोतर खांद्यावर टाकलं आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "मंग रडतीस कशाला, येडे?"

मला तेव्हा सांगता आलं नाही. आता सांगता येतं, पण ऐकायला मावशी नाही. मी एकोणीस वर्षांची होते, आणि त्या दिवसानंतर तुला काय व्हायचंय, असं मला कुणीही विचारलं नाही.